समुद्राचा सातवा भाग

नागपूर समुद्रापासून किती दूर आहे हें नागपूरकरांस सांगावयास नको. पूर्वेचा किनारा असो वा पश्चिमेचा, तो गांठावयाचा म्हणजे शेंकडों मैलांचा प्रवास पदरीं पडतो. तरीहि रामदासपेठेसारख्या वस्तींत एखाद्याच्या दिवाणखान्यांत कांचेची पेटी मांडून तींत अस्सल समुद्रांतील मासे पाळणें आज शक्य झालें आहे. या पेटींतील पाणी मुंबईहून किंवा विशाखापट्टणहून आणलेलें नसतें. तें महानगरपालिकेच्या नळाचें, म्हणजे पेंच वा कन्हान नदीचें पाणी असतें, आणि त्याचा घरांत समुद्र बनविलेला असतो. समुद्र बनविण्याची ही विद्या माणसाच्या हातीं कशी आली, आणि ती अर्धवट समजल्यास कोणाच्या जिवावर बेततें, हें थोडक्यांत सांगण्याचा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

समुद्राचें पाणी खारट असतें; तेव्हां पाण्यांत मीठ घातलें कीं झाला समुद्र, अशी कोणाचीहि पहिली समजूत होईल. मीठ आपल्याकडे समुद्रांतूनच येतें, मग तें पुन्हां पाण्यांत सोडलें तर समुद्र कां परत मिळूं नये? प्रश्न अगदीं वाजवी आहे. परंतु त्याचें उत्तर मिळावयास युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक भाग खर्ची घालावा लागला. या उत्तराची चुणूक मात्र विदर्भाच्या भूमींतच पाहावयास मिळते. कारण समुद्र नसला तरी खाऱ्या पाण्याची वाण या प्रदेशांत मुळींच नाहीं.

पहिला नमुना पूर्णा नदीच्या खोऱ्यांतला. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या ज्या पट्ट्यास आपण खारपाण पट्टा म्हणतों, तेथील जमिनीखालचें पाणी इतकें खारट कीं गोड्या पाण्याची विहीर लागणें हें भाग्य समजलें जातें. हा शाप एकदां मात्र वराच्या रूपानें कामास आला. १९३० च्या एप्रिल महिन्यांत मिठाचा कायदा मोडण्याची लाट देशभर उसळली, तेव्हां वऱ्हाडाला समुद्रकिनारा कोठून मिळणार? वऱ्हाडच्या सत्याग्रहींनीं अकोला जिल्ह्यांतील दहिहंडा गांठलें आणि तेथील खाऱ्या विहिरींचें पाणी आटवून मीठ काढलें. जेथें अशा विहिरीहि नव्हत्या, तेथें त्याच वर्षीं जंगलाचा कायदा मोडून सत्याग्रहाची हौस पुरी करण्यांत आली. दहिहंड्याचें पाणी सरकारी कायदा मोडण्यापुरतें खारट होतें यांत शंका नाहीं. पण त्यांत समुद्रांतील मासा जगला नसता.

दुसरा नमुना लोणारचा. बुलढाणा जिल्ह्यांतील हें सरोवर अशनीच्या आघातानें पडलेल्या सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या विवरांत सांठलेलें आहे. त्याचें पाणी आटलें म्हणजे कांठावर जे क्षार जमत, त्यांच्या निरनिराळ्या जातींना स्थानिक लोकांनीं डल्ला, पापडी अशीं नांवें दिलेलीं होतीं, आणि साबण व कांच करण्याच्या कामीं त्यांचा उपयोग होत असे. कारण उघड आहे. लोणारच्या पाण्यांत मिठाच्या जोडीला सोडा विपुल आहे. पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा मोजण्याच्या पट्टीवर समुद्र ८.१ ते ८.२ च्या आसपास असतो, तर लोणार १० च्या घरांत जातें. हा फरक आंकड्यांनीं दिसतो त्याहून फार मोठा आहे, कारण या पट्टीवर एक पायरी म्हणजे दसपट. १९२० नव्हे तर अगदीं अलीकडे, २०२० च्या जून महिन्यांत, हें सरोवर गुलाबी झालें तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांना त्याचें कारण अतिखारट पाण्यांतच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत सांपडलें. ज्या पाण्यांत असे जीव सुखानें नांदतात, तेथें समुद्रांतील मासा क्षणभर टिकावयाचा नाहीं.

म्हणजे खारेपणा ही एक गोष्ट झाली, आणि समुद्र ही दुसरी. खारेपणा जिभेला कळतो. समुद्र जिभेला कळत नाहीं. तो कशांत आहे, हें समजून घेण्यासाठीं आपण विदर्भांतून कोंकणांत उतरून मिठागरांच्या बांधावर उभें राहिलें पाहिजे, कारण नागपूरच्या बाजारांत मिठाच्या पोत्यांतून समुद्राचा कोणता भाग येतो आणि कोणता मागें राहतो, याचा उलगडा तेथें होतो.

पेण, उरण, वसई, भांडुप या बाजूंच्या मिठागरांत भरतीचें पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हानें आटवितात. पाणी आटूं लागलें म्हणजे त्यांतील सगळे क्षार एकदम खालीं बसत नाहींत. ते पंगतीनें उठावें तसे एकामागून एक बाहेर पडतात. प्रथम, पाणी सुमारें निम्मं उरतें तों चुनखडी बसूं लागते. तें पांचव्या हिश्शावर आलें कीं जिप्सम बसतें. सुमारें दहावा हिस्सा पाणी उरलें म्हणजे मग आपल्या ओळखीचें मीठ दाणे धरूं लागतें. मिठागराचें सारें कसब या टप्प्यांतच आहे. चुनखडी आणि जिप्सम आधींच्या वाफ्यांत मागें सोडून द्यावयाचीं, मीठ ओढून घ्यावयाचें, आणि शेवटीं जें दाट, कडवट पाणी उरतें तें काढून टाकावयाचें. हें कडवट पाणी आटूं दिलें तर मीठ कडू होतें आणि हवेंत ओलावा धरून पाझरूं लागतें. त्यांत असतें काय? मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार, आणि थोडेंसें पोटॅशियम.

तेव्हां मीठ म्हणजे आटविलेला समुद्र नव्हे. समुद्राच्या दोन्ही बाजू छाटून मधला तेवढा ठेवलेला भाग म्हणजे मीठ. स्वयंपाकघराच्या दृष्टीनें ही छाटणी आवश्यक आहे, आणि मीठ जितकें शुद्ध तितकी ती अधिक कडक.

हें छाटलेलें मीठहि आपल्या अंतर्भागांत सुखासुखीं पोंचत नसे. १८६९ च्या सुमारास इंग्रज सरकारनें मिठाच्या जकातीसाठीं सिंधु नदीपासून महानदीपर्यंत सुमारें २,३०० मैल लांबीची नाकेबंदी उभारली होती; ती मध्यप्रांतांतूनहि जात होती. तिच्या राखणीला जवळ जवळ १२,००० माणसें होतीं, आणि मोठ्या भागावर कांटेरी झाडांचें जिवंत कुंपणच लावलेलें होतें. हें कुंपण वाढविण्याचें काम ज्यांच्याकडे होतें ते ए. ओ. ह्यूम, पुढें काँग्रेसच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून प्रसिद्धीस आले. १८७९ मध्यें ही नाकेबंदी उठली. आगगाडी नागपुरास त्याआधींच, १८६७ मध्यें, येऊन पोंचली होती. अंतर कमी झालें, जकातीचा तो कुंपणाचा काच सुटला. पण पोत्यांतून आलें तें मीठच. समुद्राचा उरलेला भाग कोंकणांतल्या खाडींत सांडून गेलेला होता.

हा उरलेला भाग किती, याचा हिशेब लावण्याचें श्रेय तीन माणसांना दिलें पाहिजे. अलेक्झांडर मार्सेट या लंडनमध्यें स्थायिक झालेल्या स्विस वैद्यानें १८१९ मध्यें निरनिराळ्या समुद्रांचे नमुने तपासून एक विलक्षण गोष्ट मांडली. कोठला समुद्र जास्त खारा, कोठला कमी. पण त्यांत विरघळलेल्या पदार्थांचें परस्पर प्रमाण मात्र सर्वत्र जवळ जवळ सारखेंच. कोपनहेगनच्या योहान फोर्कहामर यानें शेंकडों नमुन्यांवर परिश्रम करून १८६५ मध्यें हेंच सिद्ध केलें. यानंतर ‘चॅलेंजर’ हें ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ पर्यंत महासागरांची पाहणी करीत पृथ्वीभोंवतीं फिरलें. त्यानें आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचें विल्यम डिटमार यानें अत्यंत काटेकोर पृथक्करण केलें, आणि १८८४ मध्यें त्याचे आंकडे प्रसिद्ध झाल्यावर या बाबतींत वाद उरला नाहीं.

ते आंकडे आजच्या मापांत सांगतों. सरासरी समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकीं क्लोराइड सुमारें १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४ आणि पोटॅशियम ०.४. उरलेल्या चिमूटभरांत बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्रॉन्शियम इत्यादि सारी मंडळी येतात. सोडियम व क्लोराइड, ज्यांचें मीठ बनतें, तीं दोन मिळून सात भागांपैकीं सहा भाग भरतात. सातवा भाग इतरांचा. कोंकणांत जो सांडून दिला जातो तो हाच सातवा भाग, आणि नागपुरांत समुद्र बनवावयाचा म्हणजे या सातव्या भागाची भरपाई करावयाची.

डिटमारच्या आंकड्यांनीं आणखी एक सोय झाली. अरबी समुद्राच्या खुल्या भागांत क्षारता दर किलोग्रॅमला ३६ ग्रॅमच्या आसपास असते. बंगालच्या उपसागरांत गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी इतकें गोडें पाणी ओततात कीं त्याच्या उत्तर भागांत ती पुष्कळच खालीं येते. तांबड्या समुद्राच्या उत्तरेस ती ४० पर्यंत चढते. परंतु प्रमाण सगळीकडे एकच असल्यामुळें, एकदां क्षारांचें मिश्रण बरोबर साधलें कीं तेंच कमीअधिक पाण्यांत घालून यांपैकीं कोणताहि समुद्र तयार करतां येतो. घरगुती समुद्राची सारी इमारत या एका नियमावर उभी आहे.

आतां प्रत्यक्ष बनविण्याच्या प्रयत्नांकडे वळूं. १८४६ मध्यें ॲना थिन या बाईंनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. प्रथम त्या समुद्राचें पाणी मागवून तें वरचेवर बदलीत. पुढें तें मिळेनासें झालें तेव्हां त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तेंच पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत असे. त्यायोगें पाण्यांत हवा मिसळे आणि प्रवाळ तग धरीत. इतिहासांत त्या मोलकरणीचें नांव राहिलें नाहीं. पण आज प्रत्येक मत्स्यपेटींत विजेचा पंप जें काम करतो, तें पहिल्यानें तिच्या हातांनीं केलेलें आहे.

समुद्राचें पाणी मागवावें लागूं नये, या दिशेनें लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन आणि निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस हे दोघे १८५० नंतर कामास लागले. गॉसनें १८५४ मध्यें योजलेली कृति अशी: नेहमींचें मीठ साडेतीन औंस, जुलाबाचें मीठ म्हणून आपल्याकडे ओळखलें जाणारें एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन, पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन, आणि पाणी चार क्वार्टांहून किंचित कमी, म्हणजे सुमारें साडेचार लिटर. मिठागरांत जें कडवट पाणी काढून टाकतात, नेमकें तेंच त्यानें वाण्याच्या आणि औषधविक्याच्या दुकानांतून गोळा करून पुन्हां मिठांत मिसळलें. कॅल्शियम मात्र त्यानें गाळलें. तें अल्प प्रमाणांत असतें आणि पेटीच्या तळाशीं टाकलेल्या शिंपल्यांच्या व प्रवाळांच्या तुकड्यांतून मिळेल, असा त्याचा अंदाज होता. त्यानें आधीं या पाण्यांत समुद्रवनस्पति ठेवल्या, आणि पाणी मुरल्यावर मग प्राणी सोडले. ही सावधगिरी आजहि तितकीच मोलाची आहे.

या विद्येचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला तो बर्लिन शहरांत. तेथें १८६९ मध्यें जें मत्स्यालय उघडलें, त्यास नागपूरसारखाच समुद्राचा शेजार नव्हता. म्हणून ऑटो हर्मेस यानें कृत्रिम समुद्राचें पाणी तयार करून तें चालविलें. मुंबईला ही यातायात पडली नाहीं. १९५१ मध्यें राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचें उद्घाटन झालें, तेव्हां समुद्र त्याच्या दारापुढेंच होता. मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनीं समुद्रांतील मासा कांचेपलीकडे पहिल्यानें पाहिला तो येथेंच, आणि सुट्टींत मुंबईस गेलेल्या नागपूरच्या मुलांचाहि त्यांत वांटा आहे. पण तें पाहून आल्यावर घरीं तसें कांहीं करावेंसें वाटलें, तर नागपूरला बर्लिनचाच मार्ग धरणें भाग होतें.

तो मार्ग विसाव्या शतकांत पुष्कळ सुकर झाला. १९०१ मध्यें मार्टिन क्नुडसेन यानें क्षारतेचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि कोपनहेगनहून कांचेच्या नळ्यांत बंद केलेलें प्रमाणभूत समुद्राचें पाणी जगभर जाऊं लागलें. त्याच्याशीं ताडून कोणीहि आपलें माप तपासावें. १९४० मध्यें लायमन आणि फ्लेमिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कृत्रिम समुद्राची जी कृति दिली, तिच्यांत कॅल्शियम, बायकार्बोनेट, ब्रोमाइड, इतकेंच नव्हे तर स्ट्रॉन्शियम आणि फ्लोराइडहि तोलून घातलेलें आहे. १९६० नंतर अशीं तयार मिश्रणें पिशव्यांत भरून विकण्यास आलीं, आणि ज्या कामाला एकेकाळीं रसायनशाळा लागे तें घरांतल्या बादलींत होऊं लागलें.

परंतु सोय झाली म्हणजे धोका टळला असें नाहीं, आणि येथें मला पेटींतल्या माशाची बाजू मांडावयाची आहे. समुद्रांतील हाडाच्या माशाच्या शरीरांतील द्रव भोंवतालच्या पाण्याच्या सुमारें एक तृतीयांश इतकाच खारट असतो. त्यामुळें त्याच्या अंगांतलें पाणी सतत बाहेर ओढलें जातें. पाण्यांत बुडालेला असूनहि तो सदैव तहानलेला असतो. तो समुद्राचें पाणी पितो आणि जास्तीचें मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. होमर स्मिथ यानें १९३० मध्यें आणि अँसेल कीज यानें १९३१ मध्यें हें प्रयोगानें दाखविलें. क्षारता अकस्मात् वर-खालीं झाली कीं हा सगळा तोल ढळतो. तरी माशाजवळ निदान ही यंत्रणा आहे. तारामासा, समुद्रफूल, प्रवाळ यांच्याजवळ तीहि नाहीं. भोंवतालचें पाणी जसें, तसेंच त्यांच्या अंगांतलें. नुसत्या मिठाच्या पाण्यांत ठेवलेल्या प्रवाळाला सांगाडा बांधावयास कॅल्शियम मिळत नाहीं. मॅग्नेशियम कमी पडलें तर असलेलें कॅल्शियमहि पाण्यांत टिकून राहत नाहीं. बायकार्बोनेट नसेल तर पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकतें. सातवा भाग लहान खरा, पण जीव त्यावर तोलला आहे.

आतां कृतीचें थोडेंसें. नळाचें पाणी थेट वापरूं नये. तें जंतुरहित करण्यासाठीं घातलेलें क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतें, आणि नदीनें खडकांतून आणलेले क्षार मिश्रणाचा हिशेब बिघडवितात. आर. ओ. यंत्रानें शुद्ध केलेलें पाणी उत्तम. निदान क्लोरिन तरी सोडियम थायोसल्फेटनें, म्हणजे छायाचित्रकारांच्या ‘हायपो’नें, घालवावें. खाण्याचें आयोडीनयुक्त मीठ या कामाला घेऊं नये. मिश्रणावर पाणी ओतूं नये. पाण्यांत मिश्रण थोडें थोडें घालावें. एकदम ढीग करून त्यावर पाणी घातलें कीं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरी सांका खालीं बसते, आणि मग ती विरघळतां विरघळत नाहीं. पंपानें एक दिवस तरी पाणी ढवळत ठेवावें. हें सारें वेगळ्या भांड्यांत करावें; मासे असलेल्या पेटींत कोरडें मिश्रण कधींहि टाकूं नये.

मिश्रण किती घ्यावें? ३५ ग्रॅमची क्षारता हवी म्हणून लिटरला बरोबर ३५ ग्रॅम तोलणारा फसतो. मॅग्नेशियम क्लोराइड आणि एप्सम सॉल्ट यांच्या स्फटिकांत निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेंच असतें, शिवाय पिशवी उघडी राहिली कीं मिश्रण हवेंतला ओलावा धरतें. म्हणून शंभर लिटरला तें साडेतीन किलोहून अधिकच लागतें, आणि निकाल तराजूनें नव्हे तर मापकानें लावावा लागतो. पंचवीस अंश उष्णतेला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या सुमारास आलें म्हणजे क्षारता ३५ झाली.

या मापकांची एक मर्यादाहि ध्यानांत ठेविली पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटर नांवाच्या दुर्बिणीवजा यंत्रांत पाण्याचा एक थेंब ठेवून क्षारता वाचतां येते. ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यांत विरघळवून त्याचा थेंब ठेवला, तर तें यंत्र बरोबर ३५ दाखवितें. यंत्र जुळवून घेण्यास हा द्रव फार उपयोगी आहे. पण त्यावरून हेंहि कळतें कीं मिठाचें पाणी आणि समुद्राचें पाणी यांतला भेद यंत्राला दिसत नाहीं. तें किती सांगतें. काय, तें सांगत नाहीं.

नागपुरांत आणखी एक प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे आपला उन्हाळा. पारा ४५ अंशांकडे झुकतो, हवा कोरडी ठणठणीत, आणि घरांत पंखे व कूलर अहोरात्र चालू. पेटींतलें पाणी भराभर उडूं लागतें. पण उडतें तें पाणी, क्षार जागच्या जागीं राहतात. समजा, २०० लिटरच्या पेटींतून १० लिटर पाणी उडालें; तर क्षारता ३५ वरून जवळ जवळ ३७ वर जाते. अशा वेळीं उणीव भरावयाची ती शुद्ध गोड्या पाण्यानें. समुद्राची पेटी म्हणून दर वेळीं खारें पाणी ओतणारा मनुष्य दर दहा लिटरांमागें ३५० ग्रॅम क्षारांची भर घालीत असतो, आणि थोड्याच आठवड्यांत आपल्या माशांसाठीं मिठागर तयार करतो. त्यांतहि, पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी विरघळतो, हें दुसरें संकट. म्हणून पाणी रोज, थोडें थोडें आणि खूण पाहून भरावें.

येथपर्यंत विद्येचा विचार झाला. आतां तिच्याबरोबर येणाऱ्या जबाबदारीचा. पाणी घरीं बनलें तरी त्यांत सोडलेला प्राणी कोठून तरी आणलेला असतो. २००१ मध्यें प्रवाळ आणि समुद्री घोडे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घालण्यांत आले. ते समुद्रांतून काढून घरांत ठेवणें हा गुन्हा आहे. उलट समुद्रफुलाच्या आश्रयानें राहणाऱ्या नारिंगी-पांढऱ्या विदूषक माशांची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें मंडपम येथें यशस्वी केली आहे. अशा पैदाशींतला मासा घेतला तर कोणतेंहि प्रवाळबेट उजाड होत नाहीं. ज्यानें समुद्राचें पाणी समुद्राला न शिवतां तयार केलें, त्यानें मासाहि तसाच मिळवावा हें न्यायाला धरून आहे.

शेवटची गोष्ट वापरलेल्या पाण्याची. पेटी निरोगी राखण्यासाठीं दर आठवड्यास दहावा भाग पाणी बदलतात. २०० लिटरच्या पेटींतून दर खेपेस २० लिटर, म्हणजे ७०० ग्रॅम क्षार. वर्षाकाठीं ३६ किलो. हें पाणी बागेंत ओतण्याचा मोह कोणास झाला, तर त्यानें खारपाण पट्ट्यांतील शेतकऱ्याला विचारावें. आपल्या काळ्या मातींत सोडियम सांचलें कीं तिची घडण मोडते, पाणी आंत जिरत नाहीं, आणि सुकल्यावर ती दगडासारखी होते. हें पाणी झाडांना न घालतां भरपूर साध्या पाण्याबरोबर गटारांत सोडावें. रामदासपेठेजवळून वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेशीं मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहितेचें पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरांत जातें. पृथ्वीवरील नद्या खडकांतले क्षार धुऊन याच रीतीनें कोट्यवधि वर्षें समुद्राकडे नेत आल्या आहेत. त्यांना जें साधावयास इतका काळ लागला, तें आपण एका दिवसांत बादलींत करूं पाहतों. तेव्हां मिश्रण तोलतांना आणि माप वाचतांना थोडीशी अधिक काळजी घेणें, एवढें तरी त्या पेटींतल्या जिवाचें आपल्यावर देणें आहे.